आधी घरात पंधरा दिवस

विकण्यासाठी आणलेली कोणतीही जुनी वस्तू आमच्या घरात पंधरा दिवस राहिल्याशिवाय मी तिचा फोटो काढत नाही. हा नियम मला कोणी शिकवला नाही; तो दोन-तीन फजित्यांतून आणि एका चांगल्याच नुकसानीतून तयार झाला. जुन्या घरगुती वस्तू, म्हणजे तांब्या-पितळेची भांडी, इनॅमलचे डबे, चिनी मातीच्या बशा, काचेच्या बरण्या, कंदील, लाकडी पेट्या असे काहीबाही शोधून आणायचे, स्वच्छ करायचे आणि त्याबद्दल जेवढे खात्रीने कळेल तेवढे लिहून विकायचे, असा माझा व्यवसाय आहे. व्यवसाय म्हणायचे ते हिशेबाची वही वेगळी ठेवते म्हणून; एरवी त्याचा सारा पसारा पडवीलगतच्या एका खोलीत, भिंतीच्या चार फळ्यांवर मावतो आणि आठवड्याला दोन-चार पार्सले निघतात. बाकीचा दिवस गोठा, परसातली भाजी, कोंबड्या, विहिरीवरचा पंप आणि आभाळ यांच्या हवाली असतो, आणि या दोन कामांत तंटा झालाच तर आभाळाचा शब्द शेवटचा ठरतो.

जुने कशाला म्हणायचे याचेही काही संकेत आहेत. शंभर वर्षांच्या पुढच्या वस्तूला पुराणवस्तूचा मान द्यावा असे अनेक देशांचे जकातीचे नियम मानतात, तर एट्सीसारख्या ऑनलाइन बाजारात किमान २० वर्षे जुनी वस्तू ‘व्हिंटेज’ म्हणून विकता येते. माझा बहुतेक माल या दोन टोकांच्या मधला असतो. या मधल्या वयाच्या वस्तू संग्रहालयात ठेवण्याइतक्या दुर्मिळ नसतात, आणि घडवणाऱ्याने त्या वापरण्यासाठीच घडवलेल्या असतात. म्हणूनच त्या वापरून पाहिल्याशिवाय विकणे मला पटेनासे झाले.

आधी ते मोठे नुकसान सांगते. पहिल्या वर्षी माल ठेवायला घरात जागा नव्हती, म्हणून पितळेची वीस-बावीस भांडी पोत्यांत बांधून गोठ्यावरच्या माळ्यावर ठेवली. माळा कोरडा होता, कौले नुकतीच फिरवलेली होती आणि उंदरांना पितळ खाता येत नाही, असा माझा बिनतोड हिशेब होता. पावसाळा संपल्यावर पोती खाली उतरवली तेव्हा पातळ पत्र्याच्या चार भांड्यांना काठापासून खाली उभ्या चिरा गेलेल्या दिसल्या. कोणी पाडले नव्हते, कशाचा धक्का लागला नव्हता. भांडे जागच्या जागी फाटावे तसे फाटले होते. ओतीव दिवे आणि जाड बुडाचे खल मात्र काळवंडण्यापलीकडे शाबूत होते. महिनाभर मी पत्र्यालाच दोष देत राहिले.

कारण पुढे वाचनात सापडले, आणि ते आमच्या गोठ्यातच होते. हिंदुस्थानातील ब्रिटिश फौजेला १९व्या शतकात हाच अनुभव आला होता. पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेली काडतुसांची पितळी कवचे आपोआप तडकत असत, आणि ऋतूशी जोडलेली म्हणून या दोषाला इंग्रजीत ‘सीझन क्रॅकिंग’ असे नाव पडले होते. त्याचा उलगडा १९२१ मध्ये झाला. पत्रा ठोकून, ओढून किंवा दाबून आकाराला आणला की त्या धातूत ताण शिल्लक राहतो. जनावरांच्या मुतापासून निघणारा अमोनिया आणि दमट हवा एकत्र आली की असे ताणलेले पितळ कणाकणांच्या सांध्यांतून फाटू लागते. धातू तापवून तो ताण आधीच काढून टाकला असेल तर हा धोका बराच कमी होतो. ओतीव वस्तू का वाचल्या तेही त्यामुळे कळले. सासूबाईंना हे सगळे सविस्तर समजावून सांगितल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, “म्हणूनच आम्ही पितळ कधी गोठ्याकडे ठेवत नव्हतो.” मग आधी का सांगितले नाहीत, असे विचारण्याचा धीर मला झाला नाही, कारण पोती माळ्यावर चढवताना मीही त्यांना विचारले नव्हते.

तेव्हापासून माल घरातच राहतो, आणि घरातच राहतो म्हटल्यावर वापरलाही जातो. किटली आणली की तिच्यात पाणी भरून ती रात्रभर कोऱ्या कागदावर ठेवायची; सकाळी कागदावर डाग दिसला तर गळती आहे. एवढ्याने भागते असे मला बरेच दिवस वाटत होते. मग एक तांब्याची किटली विकली गेली आणि आठवड्याने गिऱ्हाईक बाईंनी अतिशय सौम्य शब्दांत कळवले की पाणी तापले की तोटीच्या सांध्यातून थेंब येतात. थंड पाण्याला धरणारा झाळलेला सांधा उकळत्या पाण्याला धरेलच असे नसते, हे मला त्या दिवशी कळले. पैसे परत केले, किटली परत आली आणि आता ती आमच्याकडे रोपांना पाणी घालायच्या कामी आहे. त्यानंतर प्रत्येक किटली किमान दहा वेळा विस्तवावर चढल्याशिवाय फळीवर जात नाही. झाकण ओतताना पडते का, मूठ किती तापते, भरल्यावर तोल कुठे जातो, हे नुसते हातात घेऊन कळत नाही. कामाच्या घाईत, दुसऱ्या हातात काहीतरी असताना ती उचलावी लागते तेव्हाच कळते.

तांब्याच्या भांड्यात कल्हई पाहणे सर्वांत महत्त्वाचे. आंबट पदार्थ उघड्या तांब्याला लागला की तांबे त्यात उतरते, म्हणून आतून कथलाचा थर हवा. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते आणि तांबे १,०८५ अंशांना. या अंतरामुळेच भांडे तापवून, नवसागर टाकून, आत कथील फिरवता येते, आणि याच अंतरामुळे रिकामे भांडे विस्तवावर विसरले की तांबे जसेच्या तसे राहून कल्हई मात्र वितळते. आतून थेंब थेंब गोठल्यासारखी, उंचसखल कल्हई दिसली की मी ओळखते, हे भांडे कोणीतरी असेच विसरले होते. अशा भांड्याला पुन्हा कल्हई करून घेते, किंवा ‘अन्नासाठी नाही’ असे वर्णनाच्या पहिल्याच वाक्यात लिहिते. ते तळाशी लिहिणारेही विक्रेते आहेत. त्यांचा माल माझ्यापेक्षा लवकर खपतो.

लाकडी पेटीसाठी तर पंधरा दिवस थोडेच पडतात. लाकडाला बारीक भोके दिसली म्हणजे कीड आतच आहे असे नव्हे. ती भोके किडीची अळी मोठी होऊन भुंगेरा बाहेर पडला त्याची असतात, आणि हे चाळीस वर्षांपूर्वीही घडलेले असू शकते. म्हणून पेटी नीट झटकून, खाली काळा कागद अंथरून, ती घरातल्या इतर लाकडापासून दूर ठेवायची आणि रोज कागद पाहायचा. ताजा, फिकट, पिठासारखा भुसा पडला तर कीड जिवंत आहे. थंडीच्या दिवसांत कागद कोरा राहिला म्हणून निश्चिंत होता येत नाही, कारण भुंगेरे बाहेर पडतात ते सहसा उबदार दिवसांत. थंडीत आलेली पेटी मी उन्हाळ्यापर्यंत अडवून ठेवते, मग खोलीत चालायला जागा राहिली नाही तरी.

अर्थात घरात राहिल्याने सगळेच कळते असेही नाही. जुन्या चिनी मातीच्या झिलईत आणि रंगीत नक्षीत शिसे असू शकते, जुन्या लाल, केशरी, पिवळ्या इनॅमलमध्ये कॅडमियम असू शकते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही, जिभेला लागत नाही. तपासणी झालेली नसेल तेव्हा मी अशी वस्तू शोभेची म्हणूनच विकते, मग गिऱ्हाईक कितीही म्हणो की त्यांच्या आजीने आयुष्यभर अशाच बशीत खाल्ले. इनॅमलची आणखी एक खोड आहे. इनॅमल म्हणजे लोखंडी पत्र्यावर भट्टीत वितळवून बसवलेला काचेचा थर. त्यामुळे बाहेरून ठोकर बसली तरी टवका आतून उडू शकतो. आतून टवका उडालेले भांडे मी स्वयंपाकासाठी देत नाही. असेच एक निळ्या काठाचे पसरट घमेले फळीवरून उतरून अंगणात गेले आणि कोंबड्यांनी ते पाणी पिण्यासाठी ताब्यात घेतले. त्याचा फोटो चुकून दुसऱ्या एका वस्तूच्या मागे आला, तर त्या वस्तूपेक्षा घमेल्याचीच चौकशी जास्त झाली. ते विकायचे नाही. कोंबड्यांची सवय मोडणे फार अवघड असते.

स्वच्छ करण्याबद्दल माझे मत सुरुवातीपेक्षा पुष्कळ बदलले आहे. आधी मला वाटायचे, चकाकी म्हणजे किंमत. एक पितळी तबक आम्लाच्या पाण्यात बुडवून मी गाईचे वेत पाहायला गेले, वासरू आडवे आले होते म्हणून दुपारची मध्यरात्र झाली, आणि परतले तेव्हा तबक गुलाबी झाले होते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू; आम्लात फार वेळ राहिले की जस्त विरघळते आणि पृष्ठभागावर तांब्याची लाली उरते. वासरू जगले, तबक घासून घासून निम्मे सुधारले, आणि काम हातावेगळे होईपर्यंत जागेवरून उठायचे नसेल तरच आम्ल हातात घ्यायचे असे मी ठरवले. आता हिरवे जंगाल तेवढे काढते, मळ कोमट पाण्याने आणि साबणाने धुते, आणि वर्षानुवर्षांच्या हाताळण्याने आलेली गडद छटा तशीच ठेवते. ज्याला चकाकी हवी तो नंतर घासू शकतो. मी एकदा घासून टाकलेली छटा मात्र कोणालाच परत आणता येत नाही.

काचेचे तसेच. बरणी आतून धुरकट दिसली तर आधी पाहायचे की ते पाण्याचे क्षार आहेत की काच स्वतःच झिजली आहे. क्षार असतील तर व्हिनेगर घालून रात्रभर ठेवल्यावर सुटतात. काच झिजली असेल तर ओली असेपर्यंत ती स्वच्छ दिसते आणि वाळली की पुन्हा धूसर होते, म्हणून विकत घेताना ओल्या बरणीचा सौदा करू नये. मी केला आहे. काही जुन्या पारदर्शक काचेला फिकट जांभळी झाक असते, तिचेही कारण ठाऊक असलेले बरे. लोहामुळे येणारी हिरवट छटा मारण्यासाठी काचेत मँगनीज घालत, आणि अशी काच वर्षानुवर्षे उन्हात राहिली की जांभळी होते. हल्ली ही छटा किरणांच्या यंत्रात मुद्दाम आणूनही विकतात, त्यामुळे फार गडद जांभळ्या बाटलीपासून मी दोन पावले लांबच राहते.

खुणा वाचण्याचे काम रात्रीचे, जेवणखाण आटोपल्यावरचे. बशी उलटी करायची, बुडाशी भिंग धरायचे आणि वहीत टिपत जायचे. ब्रिटनमध्ये १८४२ ते १८८३ या काळात नोंदवलेल्या नक्षीसाठी पत्त्यांतल्या चौकटीसारखी उभी खूण वापरत, आणि तिच्या कोपऱ्यांतल्या अक्षरा-आकड्यांवरून नोंदणीची तारीख काढता येते. १८८४ पासून त्या जागी साधा नोंदणी क्रमांक आला. अमेरिकेने १८९० मध्ये केलेल्या जकात कायद्यामुळे १८९१ पासून तिथे येणाऱ्या मालावर मूळ देशाचे इंग्रजी नाव घालणे भाग पडले, म्हणून ज्या बशीवर देशाचे नाव आहे ती बहुधा त्यानंतरची. ‘ऑक्युपाइड जपान’ असा शिक्का दिसला तर कालखंड आणखी आवळता येतो, कारण दुसऱ्या महायुद्धानंतरचा जपानवरचा परकीय ताबा १९५२ मध्ये संपला. पण खूण म्हणजे जन्मदाखला नव्हे. नक्षी नोंदवली गेली ते वर्ष आणि ही बशी भट्टीतून निघाली ते वर्ष यांत बराच काळ जाऊ शकतो, आणि खुणांची नक्कलही होते. पुष्कळदा माझ्या वहीत एका वस्तूपुढे शेवटी ‘विसाव्या शतकाचा पूर्वार्ध, बहुधा’ एवढेच उरते. तो ‘बहुधा’ काढला तर वस्तू दुप्पट वेगाने जाईल हे मला ठाऊक आहे. बेकलाइट या जुन्या प्लास्टिकबाबत तर हा मोह सर्वांनाच होतो. लिओ बेकलँड यांनी ते १९०७ मध्ये तयार केले, तेव्हापासून काळ्या-तपकिरी मुठींची जी अनेक प्लास्टिके निघाली ती सगळीच बेकलाइट म्हणून खपवली जातात. गरम पाण्याखाली क्षणभर धरून वास घ्यावा. खरे बेकलाइट असेल तर औषधी कार्बोलिकचा दर्प येतो. सासूबाईंचे नाक या कामात माझ्यापेक्षा तीक्ष्ण आहे आणि त्यांच्या निकालावर अपील नसते.

फोटोसाठी मला ढगाळ दिवस लागतो, कारण सरळ उन्हात पितळ भडक दिसते आणि पोचे लपतात. दुर्दैवाने शेताला उघडीप हवी असते तेव्हाच मला ढग हवे असतात, त्यामुळे घरात माझ्या प्रार्थनांकडे संशयाने पाहिले जाते. दोष असेल तिथे मी काडी ठेवून वेगळा फोटो काढते, म्हणजे चिरेची लांबी कळते. काही गिऱ्हाइकांना मात्र दोषांपेक्षा गावच हवे असते. मागे शेणाने सारवलेली जमीन, शेजारी कोंबडी, वर कौलांतून येणारा कवडसा. मला त्याचा राग नाही, पण मी मुद्दाम तसे मांडतही नाही. शहरात जे दिवाणखान्यात टेबलावर बसणार आहे ते इथे अजून विहिरीवर जाते, आणि त्याला गळती लागली तर इथे कोणी ‘व्हिंटेज’ म्हणत नाही, टाकून देतात. किंबहुना माझा बराचसा माल अशा टाकलेल्यातूनच येतो. देणाऱ्याला मी नेहमी सांगते की हे मी विकणार आहे आणि साधारण कितीला. एका आजींनी ते ऐकून आपला कंदील परत घेतला आणि तो पुसून स्वतःच्याच ओसरीवर टांगला. कंदील गेला, पण तो तिथे छान दिसतो हे कबूल करायला हवे.

पार्सल बांधणे हा या व्यवसायातला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत निर्णायक भाग. पूर्वी चिनी माती गवतात बांधून जहाजांनी जात असे हे वाचून मीही एकदा हौसेने भाताचा पेंढा वापरला. घरचा, फुकटचा, शिवाय किती शोभून दिसतो! पेंढ्यात ओल होती. खोके पोचले तेव्हा बशीला बुरशीचा वास आणि सोबत काही जिवंत पाहुणे होते. त्यानंतर मी शोभेचा विचार सोडून दिला. वस्तूला आधी कोरा कागद गुंडाळायचा, कारण वर्तमानपत्राची शाई तडकलेल्या झिलईत शिरते. झाकण वेगळे बांधायचे. पोकळ वस्तू आतून भरायची. आणि एक खोके दुसऱ्या खोक्यात, मध्ये चहूबाजूंनी दोन इंच भरण राहील असे ठेवायचे. बांधून झाल्यावर खोके हलवायचे. आतून आवाज आला तर पुन्हा सोडायचे. मुठी आणि तोट्या बांधताना मला दर वेळी थोनेट या खुर्च्या घडवणाऱ्यांच्या १८५९च्या चौदा क्रमांकाच्या खुर्चीचा हेवा वाटतो. वाफेने वाकवलेल्या लाकडाचे सहा भाग सुटे करता येत, आणि अशा ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. किटली घडवणाऱ्याच्या मनात मात्र ती कधी घर सोडून जाईल हा विचारच आलेला नसतो.

कुरिअरवाला आमच्या रस्त्यावर पावसात येत नाही, म्हणून पार्सले आठवड्यातून एकदाच मुख्य रस्त्यापर्यंत नेऊन द्यावी लागतात. हे मी वर्णनातच लिहून ठेवते. तरी एका गृहस्थांनी दोन दिवसांत आठ संदेश पाठवले, आणि नेमके त्याच दोन दिवसांत पंप बंद पडला होता व मी कमरेइतक्या चिखलात उभी होते. त्यांना मी खरे तेच कळवले. उत्तर आले, “ठीक आहे, आधी पंप.” ते आता नेहमीचे गिऱ्हाईक आहेत आणि प्रत्येक मागणीच्या शेवटी पंपाची खुशाली विचारतात.

सध्या घरात चार वस्तू मुक्कामाला आहेत. इनॅमलचा एक डबा, ज्यात सासूबाईंनी न विचारता बियाणे भरले असून तो आता परत मिळेल असे वाटत नाही, दोन बशा, आणि सागवानी पेटी, जिच्या पाठीला सतरा भोके आहेत आणि जिच्यासाठी एक बाई रोज विचारणा करतात. आज अकरावा दिवस. सकाळी दूध काढून आल्यावर कागद पाहिला, कोरा होता. बिजागरीखाली काहीतरी फिकट दिसले म्हणून भिंग आणले, तर ते पीठ निघाले. शेजारी दळणाची पिशवी ठेवलेली होती. पिशवी हलवली, कागद बदलला, आणि त्या बाईंना कळवले की मोजणी आजपासून पुन्हा सुरू.